समुद्र वर, किनारा खाली

एका उन्हाळ्यात मी बंगालच्या उपसागराचं पाणी चुकीच्या दिशेला वाहतं केलं, आणि ते तसंच वाहतंय असं एका हुशार मुलीला छातीठोकपणे सांगितलं.

पुढे जे काही लिहितोय ते या एका वाक्याचं स्पष्टीकरण आहे. स्पष्टीकरण देण्यात माझा हात धरणारा माणूस दुर्ग जिल्ह्यात तरी नाही, असं माझ्या बायकोचं, मंजूचं मत आहे. ते तिने कौतुकाने दिलेलं नाही.

हे सगळं परवा आठवलं ते कूलरमुळे. भिलाईत उन्हाळा कॅलेंडरात बघावा लागत नाही. खिडकीबाहेरच्या कूलरवरची ताडपत्री निघाली की तो आला. मग मागच्या वर्षीचा काळा पडलेला घास जाळ्यांतून उपसायचा. घास म्हणजे लाकडाच्या कुरळ्या, केसांसारख्या बारीक साली. सुपेल्याच्या बाजारातून त्याचे नवे गठ्ठे आणायचे, जाळीत भरायचे, हात खाजवत बसायचं. येताना तेंदूची फळं घेऊन बसलेल्या बाईकडून पानभर तेंदू घ्यायचे, आणि घरी येईपर्यंत निम्मे रस्त्यातच संपवायचे. नवा घास पहिल्यांदा भिजतो तेव्हा जो वास सुटतो, तो ओल्या लाकडाचा असतो, थोडा जंगलाचा असतो आणि थोडा शाळेतल्या पेन्सिलीचा. तो वास नाकात गेला की मला ती मुलगी आठवते, तिचा पिवळा बोया आठवतो, आणि कानांच्या पाळ्या गरम होतात. कूलरसमोर बसूनही.

मी समुद्राचं काम करतो. भिलाईत बसून. आमच्या घरापासून सगळ्यात जवळचा समुद्र रात्रभर रेल्वेत बसल्यावर येतो, आणि मी तो आयुष्यात मोजक्याच वेळा पाहिलाय. त्यातही एकदा चप्पल वाहून गेली. पण किनाऱ्यावर उभ्या असलेल्या रडारांकडून येणारी माहिती साफ करणं, जुळवणं, तिचा नकाशा करणं हे काम एक छोटी कंपनी मला देते, आणि त्याला समुद्र लागत नाही, इंटरनेट लागतं. बाबांना हे कधी पटलं नाही. ते इथल्या स्टील प्लांटातून रिटायर झालेले. त्यांच्या हिशेबात ड्यूटी म्हणजे घरातून निघून जाणं. शेजारच्यांना ते सांगतात, "आमचा नित्या समुद्रात नोकरी करते. पन घरीच राहते." ऐकणारा सहानुभूतीने मान हलवतो.

हे रडार म्हणजे विमानतळावर गरगर फिरतं ते नाही. वाळूत रोवलेले उंच खांब, कपडे वाळत घालायला लावावेत तसे. ते समुद्रावर रेडिओच्या लहरी सोडतात, त्या लाटांवर आपटून परत येतात, आणि परत येताना त्यांचा सूर किंचित बदललेला असतो. पाणी खांबाकडे येत असेल तर एक सूर, लांब जात असेल तर दुसरा. मला हे शिकायला कॉलेजात एक सत्र लागलं होतं. मंजूला ते लहानपणापासून येतं, कारण ती चरोद्याची, रेल्वे कॉलनीतली. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या माहेरी गेलो तेव्हा आम्ही अंगणात चहा पीत होतो. यार्डाकडून इंजिनाचा भोंगा आला. कपातून वर न बघता ती म्हणाली, "जाणारी आहे." मी विचारलं, न बघता कसं कळलं? तर तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी विचारलंय की पाणी ओलं असतं हे कसं कळलं.

तर एकटं रडार म्हणजे दारात बसलेली शेजारीण. कोणी आपल्या दाराकडे येतंय की दारापासून लांब चाललंय, एवढंच ती सांगू शकते. माणूस खरोखर कुठे निघालाय हे कळायला दुसऱ्या गल्लीतली दुसरी शेजारीण लागते. दोघींची साक्ष जुळवली की मग कळतं, अच्छा, हा बाजारात चाललाय. म्हणून किनाऱ्यावर रडार जोडीने लावतात. आणि दोघींची साक्ष जुळवायची तर दोघींनी एकाच भाषेत बोलायला हवं. "माझ्या दारापासून अमुक अंतरावर, माझ्या उजव्या हाताला" हे चालत नाही. तुझा उजवा हात कुठे असतो ते मला काय माहीत?

त्यासाठी साऱ्या जगाने एक पद्धत ठरवलेली आहे. अक्षांश, रेखांश, पृथ्वीचा एकच ठरलेला आकार, आणि खऱ्या उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यासारखे मोजलेले कोन. तिला डब्ल्यूजीएस चौऱ्याऐंशी असं मोटारीच्या नंबरसारखं नाव आहे. तुमच्या फोनातला नकाशा तिच्यावरच चालतो. ती मला येत होती, कोणी समजू नये की येत नव्हती. मी ती लोकांना शिकवलीही आहे. प्रश्न असा होता की मला तिच्यापेक्षा चांगली एक पद्धत येत होती, म्हणजे माझी स्वतःची.

इथे मला जरा मागे जावं लागेल, त्या मुलाकडे जो परीक्षेत लिहून आला होता की सूर्य उत्तरेला उगवतो.

प्लांटच्या वसाहतीतल्या आमच्या सेक्टरमध्ये दिशा नव्हत्या. प्लांट होता. "प्लांटकडच्या गल्लीत", "प्लांटकडे पाठ करून उभा राहा", "पलंगाचं डोकं प्लांटकडे नको". चिमण्या घरातून दिसायच्या, संध्याकाळी लोखंडाच्या भट्टीतली गरम मळी ओतली की तिकडचं आभाळ लाल व्हायचं, बाबा सायकलवर तिकडेच जायचे आणि तिकडूनच यायचे. मी लहान असताना बाबांनी एकदा खडूने फरशीवर आमची अख्खी वसाहत काढून दाखवली होती. वरच्या टोकाला मोठा चौकोन. "हा प्लांट. वर." मग खाली छोटे छोटे चौकोन. "हे आपुन. खाली." शाळेत सर म्हणाले, नकाशात वर असते ती उत्तर. माझ्या डोक्यात दोन्ही व्यवस्थित बसलं. प्लांट वर, वर म्हणजे उत्तर. आणि सूर्य तर रोज आमच्या डोळ्यांदेखत प्लांटच्या मागून यायचा. यात चूक कुठे आहे ते मला आजही पटकन सापडत नाही. सरांना सापडली. त्यांनी माझा पेपर वर्गात वाचून दाखवला, आणि पुढे बरेच दिवस मित्र मला हाक मारून विचारायचे, "क्यों बे, आज सूरज किधर से निकला?"

लग्न झाल्यावर घरात दुसरी पद्धत आली. मंजूच्या चरोद्यात सगळं रेल्वे लाइनवरून चालतं. अप साइड, डाउन साइड. "टेबल डाउन साइडला सरकवा", "पंखा अप साइडला हवा". पहिल्या महिन्यात मी आमचं लोखंडी कपाट तीनदा हलवलं, तिन्ही वेळा चुकीचं. बाबा पलंगावरून बघत होते. म्हणाले, "प्लांटकडे ढकल ना बे." मंजू म्हणाली, "बाबा, तेच तर सांगून राहिली, डाउन साइडला." तेव्हा कळलं, दोघं एकच भिंत सांगत होते.

असा माणूस रडारच्या माहितीवर बसवला तर काय होणार?

त्या मोसमात ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या रडारांची एक नवी जोडी माझ्याकडे आली. तिथला किनारा तिरपा. समुद्र धड पूर्वेला नाही, धड दक्षिणेला नाही, मधेच आग्नेयेला. पडद्यावर सगळं तिरकं दिसायचं, मान वाकडी करून बघावं लागायचं. दुपारी कूलरचा वारा तोंडावर येतोय, पोटात कांद्याबरोबर खाल्लेली बासी आहे, म्हणजे रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी खातात ती, आणि डोळे मिटताहेत. अशा अवस्थेत मला साक्षात्कार झाला. मान का वाकडी करायची? समुद्रच सरळ करू. समुद्र वर, किनारा खाली. एकदा सगळं असं फिरवून घेतलं की आडवं म्हणजे किनाऱ्याने आणि उभं म्हणजे समुद्रात. गणित एकदम सोपं झालं. प्रत्येक तासाला प्रवाहाचे सुंदर बाण पडद्यावर उमटायला लागले. मी माझ्यावर इतका खूश झालो की उठून कूलरमध्ये दोन बादल्या पाणी जास्त ओतलं.

असं फिरवून घेणं गुन्हा नाही, बरेच लोक घेतात. फक्त काम झालं की परत उलटं फिरवून, खऱ्या पूर्व-उत्तरेत आणून मग बाहेर द्यायचं असतं. मी बाण कुठे आहेत त्या जागा अक्षांश-रेखांशात दिल्या. बाण कुठे बघताहेत ते फिरवायचं राहिलं. काही दिवस कोणाला पत्ता लागला नाही, कारण सगळे फक्त वेग बघत होते. एकदा मीच तो नकाशा खऱ्या नकाशावर ठेवून पाहिला होता, आणि पाणी सरळ जमिनीत शिरताना दिसलं होतं. क्षणभर वाटलं, हे काय? मग मीच मला समजावलं, की उन्हाळा आहे, दुपारी वारा समुद्राकडून येतो, ढकलत असेल. मी सांगितलंच आहे, स्पष्टीकरणात माझा हात कोणी धरत नाही.

ती मुलगी म्हणजे शुभांगी, दुर्गच्या बोरसीतली. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलं, तिचे वडील आणि बाबा मराठी मंडळाच्या गणपतीत एकत्र बसणारे. ती त्या किनाऱ्यावर एका संस्थेत लाटांवर पीएचडी करत होती. तिचा एक बोया होता, पिवळाधमक, माणसाच्या कमरेएवढा, समुद्रात साखळीने बांधलेला. तो लाटांवर डोलायचा आणि डोलणं पोटातल्या कार्डावर लिहून ठेवायचा. त्याची जुजबी खबर उपग्रहावरून यायची, पण खरा ऐवज आत. तिची शेवटची मुदतवाढ चालू होती. त्या उन्हाळ्याच्या लाटा हाती आल्या तर प्रबंध पूर्ण. नाहीतर पुन्हा मोजायला पुढचा उन्हाळा, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिला तिथे कोणी ठेवून घेणार नव्हतं.

एका सकाळी तिचा फोन आला. मी कूलरचा पंप उघडून बसलो होतो.

"नितीनदादा, बोया गेला."

"गेला म्हणजे?"

"चेन तुटली. अँटेनाही मोडला असेल, पहाटेपासून सिग्नल बंद आहे. लास्ट पोझिशन आहे फक्त. तुमचे करंट बघून सांगा ना, कुठे जाईल? बोट आजच्या दिवस मिळाली आहे मला. कुठे नेऊ ते सांगा, बस."

मी पंपाचं तेल हाताला तसंच ठेवून कॉम्प्युटरला बसलो. शेवटची जागा नकाशावर ठेवली. बाण पाहिले. सगळे बाण एकमताने किनाऱ्याकडे बघत होते. मला इतका आनंद झाला की मी आवाज खास भारदस्त केला.

"शुभांगी, बोट कशाला नेतेस? तो तुझ्याकडेच येऊन राहिला आहे."

"पक्का?"

"अगं, सगळं पाणी किनाऱ्याकडे चाललंय. वाळूवर छत्री लावून बस. नारळपाणी पी. येईल तो."

तिने बोट सोडून दिली. ती बोट दुसऱ्या कुणाच्या कामाला दक्षिणेकडे गेली. त्या दिवसांत मोठ्या मासेमारी बोटींना बंदी असते, समुद्र रिकामा, वाटेत बोया दिसला तरी बघायला कोणी नाही. शुभांगी तिच्या दोन मैत्रिणींना घेऊन किनाऱ्याने फिरत राहिली. दुपारी विचारलं, आला? नाही. संध्याकाळी विचारलं, आला? नाही. मी म्हटलं, लाटा त्याला जरा खेळवत असतील. दुसऱ्या सकाळी तिनेच फोन केला आणि काही विचारलं नाही. फक्त म्हणाली, "इथे काहीच येत नाहीये, दादा." ती 'दादा' म्हणताना आवाज एका जागी अडकला, तो मी ऐकला. आणि ऐकून न ऐकल्यासारखं करून म्हणालो, "थोडा धीर धर."

त्याच सकाळी मंजूचे मोठे मामा नागपूरहून यायचे होते. दुर्गला उतरून ऑटोने सुपेल्यापर्यंत आले आणि तिथून फोन केला.

"जावई, चौकात उभा हाओ. आता कुठी येऊ?"

"एकदम सोपं आहे, मामाजी. प्लांटकडे तोंड करा."

"कोन्ता प्लांट?"

"स्टील प्लांट, मामाजी. केवढा मोठा आहे!"

"मले तं साड्याचे दुकानं दिसून राहिले."

"दुकानांच्या वर बघा ना. चिमण्या? धूर?"

"धूर तं या ऑटोचाबी हाय ना बापा. कोन्त्या धुराकडे पाहू?"

मंजूने माझ्या हातातून फोन ओढला. "मामा, ऐका. तुम्ही लाइन ओलांडली का? ओलांडून अप साइडला पाठ करायची, आणि मग सरळ..."

"अवो मंजे, मी गाडीतून कव्हाचाच उतरलो. आता कायची लाइन? तुमी दोघंबी राहू द्या. लोकं ते ठिकाण पाठवतेत ना फोनवर, ते पाठवा. हा ऑटोवाला पाहून घेते."

पाठवलं. एक लाल टिकली आणि तिच्याखाली दोन आकडे. त्या आकड्यांत ना प्लांट होता, ना लाइन, ना सेक्टर. ऑटोवाला गाणं गुणगुणत थेट दारात आला. मामाजी घामाघूम उतरले, सांडग्यांची पिशवी मंजूच्या हातात दिली, कूलरसमोर धप्पकन बसले, आणि पाण्याचा पेला घेता घेता म्हणाले, "जावई, तुमच्या खिडकीतून प्लांट दिसते म्हून साऱ्या दुनियेले दिसते का?"

बाबा खो-खो हसले. मीही हसणार होतो. तोंड उघडलंही होतं.

ते तसंच उघडं राहिलं, कारण मामाजींच्या डोक्यामागे माझा पडदा होता, आणि पडद्यावर समुद्र वर होता.

मी काय केलं होतं ते एका क्षणात समजलं. पाणी वाहत होतं किनाऱ्याच्या कडेकडेने, ईशान्येकडे, जसं ते दर उन्हाळ्यात तिथे वाहतं. समुद्र वर ठेवलेल्या माझ्या चित्रात ईशान्य डाव्या हाताला येत होती. मी ते 'डावीकडे' तसंच फायलीत भरलं होतं. आणि शुभांगीच्या खऱ्या नकाशावर डावीकडे म्हणजे पश्चिम. पश्चिमेला जमीन. बाण उभे होते बरोबर आपापल्या जागी, समुद्राच्या मधोमध, पण बघत होते माझ्या घरातून. ती बिचारी वाळूवर वाट पाहत होती आणि तिचा बोया तिच्याकडे पाठ करून किनाऱ्याने चालत सुटला होता.

मी फोन लावला. "शुभांगी, एक सांगायचं होतं."

"सापडला?"

"नाही. ते बाण... जरा चुकलेत."

"काय चुकलं?"

"दिशा."

मग ती म्हणाली, "दादा, बाणात दिशेशिवाय असतं काय?"

"लांबी बरोबर आहे," मी म्हणालो.

हे वाक्य मी खरोखर बोललो. मंजू साक्षीला होती. ती आजही भाजीत मीठ जास्त झालं आणि मी तोंड वाकडं केलं की म्हणते, लांबी बरोबर आहे.

शुभांगी ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नाक ओढलं आणि कामाला लागली. "रोने का टाइम नहीं है. सगळं स्टँडर्डमध्ये करून पाठवा. ट्रू नॉर्थ, डिग्री, क्लॉकवाइज. आणि दादा, या वेळेस डोकं नका लावू."

मी डोकं लावलं नाही. दोन्ही रडारांची साक्ष पहिल्यापासून परत घेतली. प्रत्येक खांबाची जागा अक्षांश-रेखांशात, प्रत्येक कोन खऱ्या उत्तरेपासून. समुद्र पुन्हा तिरका झाला, माझी मान पुन्हा वाकडी झाली, आणि बाण एकदम शहाण्यासारखे किनाऱ्याला समांतर उभे राहिले. मग साखळी तुटली त्या तासापासून सुरुवात केली. एका तासाच्या बाणाचं बोट धरून बोया पुढे सरकवायचा, तिथे पुढच्या तासाच्या बाणाच्या हाती द्यायचा. पडद्यावरचा तो ठिपका चालत होता आणि मी त्याच्याबरोबर चालत होतो, आयुष्यात प्रथमच समुद्राला घाबरत. कारण नकाशाला कड असते. रडारची नजर पोहोचते तिथवर बाण, पुढे कोरं निळं. ठिपका त्या कडेच्या दिशेने निघाला होता. एकदा कड ओलांडली की तो कुठे गेला हे कुठल्याच पद्धतीत सांगता आलं नसतं.

बाबा मागे येऊन उभे राहिले. "कावून तोंड पाडून बसला?"

सांगितलं.

"मंग तो डब्बा सापडला नाही तं त्या पोरीचं काय?"

"तिची सगळी मेहनत जाईल, बाबा."

ते तसेच बाहेर गेले. थोड्या वेळाने कुंपणापाशी शेजारच्या काकांना सांगताना ऐकू आलं, "आमच्यावाल्यानं समुद्र उलटा करून ठेवला. आता सुलटा करून राहिला." आणि मग दर थोड्या वेळाने खिडकीतून, "सापडला का बे?"

तिकडे शुभांगीने विनवण्या करून एक छोटी इंजिनाची नाव मिळवली. निघायच्या आधी मी तिला आकडे सांगितले, ती एकेक आकडा वाऱ्यातून ओरडून परत म्हणत होती, तिच्या मागून नाववाला ते ओडियात म्हणत होता. भिलाईत मी, तिथे ती, आणि तिसराच माणूस तिसऱ्या भाषेत, आणि आकडे तेच. त्या धांदलीतही मला त्याचं नवल वाटलं. मग नाव समुद्रात शिरली आणि फोन गेला.

दुपार कशी गेली ते सांगता येत नाही. मामाजी जेवले, झोपले, उठले. कूलरच्या जाळीतून पाणी टिपटिप गळत होतं. मंजूने कामाच्या फेऱ्यांत दोनदा माझ्यासमोर चहा ठेवला आणि दोनदा तो थंडगार परत नेला.

ऊन उतरल्यावर फोटो आला. नावेच्या तळाशी आडवा पडलेला पिवळा बोया, अंगाला शेवाळ, अँटेना मोडून लोंबणारा, आणि त्यावर शुभांगीचा तळहात. चेहरा नव्हता, नुसता हात, पोराच्या पाठीवर ठेवावा तसा. माझ्या आकड्यापासून तो चांगलाच बाजूला होता. वाराही ढकलतो, तो मी धरला नव्हता. पण नाववाल्याने त्या जागेभोवती फेऱ्या मारल्या आणि तो नजरेच्या टप्प्यात आला, कडेच्या अगदी अलीकडे. रात्री तिने कळवलं, आतलं कार्ड कोरडं आहे.

बाबांनी त्या रात्री मामाजींना सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. त्यात माझा मूर्खपणा मुळापेक्षा बराच वाढवला होता, पण मी मध्ये बोललो नाही.

तेव्हापासून मी त्या जगभरच्या पद्धतीकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो. पूर्वी वाटायचं, ती रुक्ष आहे. तिच्यात ना वळण, ना वास, ना कोणाचं घर. मग एकदा कुतूहलाने शोधत गेलो, की तिचा मधला बिंदू आहे कुठे? प्रत्येक पद्धतीला एक खुंटी लागते ना, जिथून मोजायला सुरुवात करायची. बाबांची खुंटी प्लांट, मंजूची लाइन. मला वाटलं होतं, कुठल्या तरी बड्या शहरात असेल. ती पृथ्वीच्या पोटात आहे, अगदी मध्यभागी. जिथे कोणी राहत नाही, कोणाला जाता येत नाही, जिथून कोणाच्याच घराची खिडकी दिसत नाही. भिलाईपासूनही लांब आणि त्या किनाऱ्यापासूनही लांब. मला ही गोष्ट फार आवडली. सगळ्यांना जोडायला माणसांनी अशी जागा निवडली, की जी कोणाचीच नाही.

पण तिथून कोणी हाक मारत नाही, हेही खरं. 'प्लांटकडे तोंड कर' म्हटलं की मला आजही आधी बाबांची सायकल दिसते. मंजू झोपेत कूस बदलताना 'अप साइडला सरका' म्हणते, आणि मी बरोबर सरकतो. जग एका पद्धतीत मोजावं आणि घर दुसऱ्या, याला माझी हरकत नाही. फक्त एकातून दुसऱ्यात जाताना दार ओलांडलं हे आठवायला हवं. मी ते विसरलो होतो.

परवा, कूलरचा घास बदलून झाला त्याच संध्याकाळी, शुभांगी आली. नोकरी लागल्यापासून ती क्वचितच बोरसीत येते. हातात जाडजूड बांधलेला प्रबंध होता, सोनेरी अक्षरांचा. तिने तो बाबांच्या हातात दिला. बाबांनी चष्मा लावला, आतले आलेख उलटेसुलटे धरून पाहिले, 'वा वा' म्हणाले, आणि मग पहिल्या पानांवर येऊन थांबले. आभाराचं पान. बोट फिरवत सगळी नावं वाचली. नाववाल्याचं नाव होतं. मैत्रिणींची होती. पुन्हा वरून वाचली.

"शुभांगी, आमच्या नित्याचं नाव दिसून नाही राहिलं वं कुठी?"

"नाही टाकलं, काका," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता. "टाकलं असतं तर परीक्षकांनी विचारलं असतं, यांनी काय मदत केली. मग मला खरं सांगावं लागलं असतं."

बाबांनी प्रबंध मिटला, चष्मा काढला.

"बेस केलं, पोरी. आमच्या आडनावाले बट्टा नाही लागला."